पहिलीत जाईपर्यंत

ह्वे स्टेशनच्या बाहेर लाम आपली सोळा सिटांची गाडी घेऊन उभा होता. शेजारी त्याची बायको क्वेन, डोक्यावर रुंद हॅट, हातात मुलीसाठी आणलेली उसाच्या रसाची पिशवी. त्यांना पाहताच तेप लुआचा हात सोडून धावत सुटली आणि "आई, आई, आम्ही आलो" म्हणत क्वेनच्या कमरेला बिलगली.

लुआ मागून तिची बॅग, तिची टोपी आणि तिचा अर्धवट खाल्लेला पाव घेऊन आली.

"प्रवास नीट झाला ना गं?" क्वेनने तिला विचारलं.

"झाला, ताई. दोनदा ओकली, बाकी काही नाही."

"काकू खोटं बोलते," तेप म्हणाली. "एकदाच ओकले."

सगळे हसले. लुआही हसली. काकू म्हणवून घ्यायची तिला आता साडेपाच वर्षांची सवय होती. ती तेपची सख्खी आई होती, एवढंच.

तेप म्हणजे जवळा. दृष्ट लागू नये म्हणून घरात मुलांना असली नावं ठेवायचीच. पण तेपच्या बाबतीत नावावर भागलं नाही. आठ महिन्यांची असताना ताप डोक्यात गेला, डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. लुआ औषधशास्त्राची पदवीधर, नाम दिन्हच्या मोठ्या बाजारात स्वतःचं औषधांचं दुकान चालवणारी. तान्ह्या मुलांना तापात असे झटके येतात आणि बहुतेकांना पुढे काही होत नाही, हे ती गिऱ्हाइकांना समजावून सांगायची. आपली मुलगी मांडीवर निळी पडली तेव्हा त्यातलं एक अक्षर तिला आठवलं नाही. तिसऱ्यांदा झटका आला, तेव्हा सासऱ्यांनी ज्योतिष्याला बोलावलं. ज्योतिषी म्हणाला, आई वाघाच्या वर्षातली, मुलगी माकडाच्या. एका छपराखाली आई आणि लेक म्हणून या दोघी नांदायच्या नाहीत, एकीचं काहीतरी जाईल. तोड होती. मुलीने आईबापांना काका-काकू म्हणायचं आणि आईबाबा म्हणायचं थोरल्या काका-काकूंना. थोरली जाऊ क्वेन उंदराच्या वर्षातली, तिचं माकडाशी चांगलं जमतं. शिवाय ती दूर न्या चांगला राहते, तिला मूलही नाही, म्हणजे वरून बघणाऱ्यांची सहज फसगत होईल.

"किती दिवस?" लुआने विचारलं होतं.

"पहिलीत जाईपर्यंत."

जीव वाचत असेल तर काकू काय, शेजारीण म्हणू दे, असं ती तेव्हा म्हणाली होती. आणि तिनेच मुलीला घडवलं. बोबड्या तोंडातून चुकून 'आई' निघालं की ओठांवर चॉपस्टिकची हलकी टिचकी. दोन वर्षांत मुलगी चुकेनाशी झाली. एकदाच चुकली, चार वर्षांची असताना.

या सप्टेंबरच्या पाच तारखेला शाळा उघडायच्या होत्या. पटांगणात मोठा ढोल वाजेल, पांढऱ्या सदऱ्यातली पोरं रांगेने आत जातील, आणि त्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी आपली मुलगी आपल्याला काय म्हणून हाक मारेल, हे लुआ जानेवारीपासून मनात घोळवत होती. म्हणून सासरे जेव्हा म्हणाले, "शाळा सुरू व्हायच्या आत सगळे मिळून दक्षिणेकडे फिरून येऊ, लाम गाडी आणेल, ह्वेपासून समुद्राच्या कडेकडेने थेट त्याच्या घरापर्यंत," तेव्हा तिला वाटलं, हा समारोप आहे. थोरल्या जावेकडून मुलगी मानाने परत घ्यायची. तिने क्वेनसाठी रेशमी ओढणीही घेतली होती. तिला चौथा महिना होता तरी तिने गाडीतल्या धक्क्यांची तक्रार केली नाही.

सासऱ्यांना ती मामंजी म्हणायची. निवृत्त मुख्याध्यापक, सहलीतही त्यांची शिस्त सुटत नव्हती. बादशहाच्या थडग्याशी रणरणत्या उन्हात ते प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होते, आणि धाकटा मुलगा किएन, लुआचा नवरा, विद्यार्थ्यासारखा मान हलवत होता.

"लुआ, माझ्या पिशवीतून चष्म्याचं कापड दे बरं."

तिने पिशवी उघडली. कापडाखाली प्लास्टिकचं पाकीट होतं. त्यात तेपचा जन्मदाखला. ठीक आहे, परतीचं विमान आहे, लहान मुलाला दाखला लागतो. त्याच्यामागे दाखल्याच्या सहीशिक्क्याच्या आणखी तीन प्रती. त्याच्यामागे पिवळं लसीकरणाचं पुस्तक.

विमानात चढायला लसीकरणाचं पुस्तक कोणी मागत नाही. हे तिला माहीत होतं. ते पुस्तक तिच्या कपाटात, जपून ठेवलेल्या लग्नाच्या झग्याखाली असायचं, हेही तिला माहीत होतं.

"सापडलं का?"

"हो, मामंजी." तिने कापड दिलं. चेन बंद केली.

दुसऱ्या दिवशी हाय वानचा घाट चढताना तेप पुन्हा ओकली. लुआने पिशवी धरली, पाठ चोळली, आल्याचा तुकडा तिच्या जिभेखाली ठेवला, फ्रॉक बदलला. वरच्या खिंडीत गाडी थांबली तेव्हा ढग बाजूला झाले होते आणि खाली दा नांगचा अख्खा उपसागर दिसत होता. लामने सगळ्यांना कठड्याशी उभं केलं.

"मुलगी मध्ये. क्वेन, तू तिला धर. लुआ, जरा बाजूला हो, तुझी सावली पडतेय तिच्यावर."

लुआ बाजूला झाली. ओकायला काकू, फोटोला आई. हे तिच्या मनात आलं आणि तिने ते तिथेच दाबलं, कारण पोटातल्यासाठी कडवट विचार चांगले नसतात असं सगळे म्हणत.

"काय रे लाम," मामंजी म्हणाले, "किती गिऱ्हाइकं फिरवतोस महिन्याला?"

"पुष्कळ, बाबा. पण असं फुकट जेवून वर सूचना करणारं गिऱ्हाईक पहिलंच."

म्हाताऱ्याला हसू आवरेना. लाम तसा चांगला होता. वाईट कोणीच नव्हतं, हीच तर अडचण होती. कोणी वाईट असतं तर भांडता आलं असतं.

होई आनला क्वेनने तेपला शिंप्याकडे नेलं. त्या गावात गल्लोगल्ली शिंपी, आज माप द्या, उद्या कपडे घ्या. "एखादा सणाचा झगा शिवते तिला," क्वेन म्हणाली, "तू पड जरा, पाय सुजलेत तुझे." लुआ पडली नाही. पाच मिनिटांनी ती पिवळ्या भिंतींच्या गल्लीतून त्यांच्या मागोमाग गेली.

दुकानात तेप स्टुलावर उभी होती, हात पसरून. शिंपीणबाई तोंडात टाचण्या धरून बोलत होती. टेबलावर सणाचं कापड नव्हतं. पांढरं सुती होतं आणि गडद निळं.

"स्कर्टची दुमड चार बोटं ठेवा," क्वेन सांगत होती, "दोन वर्षं तरी पुरला पाहिजे. आणि खिशावर शाळेचा बिल्ला लावायचाय, तिकडची जागा मोकळी सोडा."

"कुठली शाळा?" शिंपीणबाईने विचारलं.

क्वेनने आरशात लुआला पाहिलं. तिने टेबलावरच्या कापडाची घडी सरळ केली. तेपनेच उत्तर दिलं, "न्या चांगची. आमच्या घरामागे आहे. आईने मला फोनवर दाखवली. तिथे घसरगुंडी आहे."

बाहेर आल्यावर मुलगी पुलावरून कागदी दिवे बघायला पुढे धावली आणि दोघी जावा भिंतीशी उभ्या राहिल्या.

"मला वाटलं किएनने सांगितलंय तुला," क्वेन म्हणाली.

"काय सांगितलंय?"

"मी नाही मागितली गं. बाबांनीच फोन केला." मग तिचा आवाज थोडा कडक झाला. "पण आता खरं विचारशील तर, दर रविवारी फोनवर आई, आणि टेटला, नव्या वर्षाच्या सणाला, पाच दिवस आई. बाकी वर्षभर सुकट आणि खेळणी पार्सल करायची. मलाही कंटाळा येतो पोस्टातून आई व्हायचा."

"ते नाटक होतं, ताई. ठरलं होतं तसं."

"तुझ्यासाठी होतं," क्वेन म्हणाली.

किएनला तिने क्वी न्योनच्या वाटेवर गाठलं. गाडी नारळपाण्यासाठी थांबली होती. बाकीचे सावलीत होते. तिने नुसतं विचारलं, "परतीची तिकिटं दाखव." तो थोडा वेळ फोन चाळत राहिला, जणू सापडत नाहीत. मग त्याने फोनच तिच्या हातात दिला. तीन नावं होती. मामंजी, तो आणि ती.

"एक वर्षच," तो म्हणाला. "फक्त पहिलीचं वर्ष. बाबा पुन्हा ज्योतिष्याकडे गेले होते. तो म्हणाला, पोटातलं सुखरूप यायचं असेल तर मोठी घरात नको. मागच्या वेळी काय झालं ते तुला माहीत आहे."

"मागच्या वेळी काय झालं ते मला माहीत आहे म्हणूनच सांगते. त्याचा तेपशी संबंध नव्हता. दहापैकी एक-दोन गर्भ असे पडतातच."

"मग तेव्हा का नाही म्हणालीस हे?"

लुआने फोन त्याच्या हातात परत ठेवला.

"तुला सांगणार होतो," तो म्हणाला. "पण तू मग आलीच नसतीस. बाबा म्हणाले, सहल होऊ दे आधी, सगळ्यांचे दिवस आनंदात जाऊ देत."

"गेले," लुआ म्हणाली.

मागच्या वेळी झालं ते असं. तेप चार वर्षांची होती, आणि लुआला पुन्हा दिवस गेले होते. अंगणात कोंबडा अंगावर आला म्हणून घाबरून ओरडली, "आई." लुआने धावत जाऊन तिला उचललं, आणि त्या क्षणी तिला जे वाटलं ते तिने कोणाला सांगितलं नाही. टिचकीही मारली नाही. चार दिवसांनी तिला रक्त जायला लागलं. इस्पितळात भेटीच्या वेळेला तेपला आणलं तेव्हा लुआ पांढरीफटक पडून होती, औषधाच्या गुंगीत, आणि मुलीने विचारलं, "काकू, बाळ कुठे गेलं?"

लुआ म्हणाली होती, "तू आई म्हणालीस ना, म्हणून गेलं."

एवढंच. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर तिने मुलीला जवळ घेतलं, तिला पेरू कापून दिला, आणि ते वाक्य आपण बोललो की नुसतं मनात आलं होतं, याची तिला खात्रीच वाटेना. मुलीनेही पुन्हा विषय काढला नाही. लहान मुलं विसरतात, असं तिने ठरवून टाकलं.

क्वी न्योनचे लोक पहाटे पाचलाच समुद्रात उतरतात. दुसऱ्या दिवशी लुआने तेपला उठवलं आणि दोघीच वाळूवर आल्या. म्हाताऱ्या बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून हात फिरवत होत्या. टोपल्यासारख्या गोल होड्या किनाऱ्याला लागत होत्या आणि कोळिणी त्यातून जवळा उपसून घेत होत्या.

"ते बघ, तुझे भाऊबंद," लुआ म्हणाली.

"माझे भाऊबंद एवढे वास मारतात?"

"त्याहून जास्त."

तेप हसली. तिच्या पुढच्या दोन दातांच्या जागी खिडकी होती. लुआ ओल्या वाळूत तिच्यासमोर बसली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. रात्रभर तिने शब्द जुळवले होते, पण आता सरळ बोलायचं ठरवलं.

"तेप, ऐक. तुला माहीत आहे ना मी कोण आहे?"

मुलीने मान हलवली. हो.

"तू आता मोठी झालीस. पहिलीत चाललीस. आता म्हटलेलं चालतं. आत्ता म्हण, एकदा. मग मी आजोबांना सांगेन की तू आपल्या घरी येणार, नाम दिन्हच्या शाळेत. म्हण."

तेपने आपला हात सोडवून घेतला आणि तोंडावर ठेवला. मग दुसराही ठेवला.

"इथे कोणी नाही, बाळा."

मुलीने जोरजोरात मान हलवली. नाही. डोळे भरून आले होते, पण हात निघाले नाहीत. लुआने ते ओढून काढायचा प्रयत्न केला, थोडा जोरानेच, आणि मग तिचंच तिला कळलं आणि ती थांबली.

बोटांच्या फटीतून आवाज आला. "बाळ पडेल."

"नाही पडत. असं काही नसतं."

"तू सांगितलंस. इस्पितळात. मी म्हटलं आणि ते गेलं." मग तिने एक हात काढून लुआच्या पोटावर ठेवला, जसा कोणी झोपलेल्या मांजरावर ठेवतो. "याला मी नाही घालवणार. मी झोपेतसुद्धा म्हणत नाही. मी झोपताना चादर तोंडात धरते."

खरंच धरायची. दोन वर्षं लुआ चादरीचे चावलेले कोपरे धुवत आली होती. जंताचं औषधही देऊन झालं होतं.

न्या चांगला लामचं घर एका गल्लीत होतं, समुद्रापासून चालत दहा मिनिटं. खोलीत नवी छोटी पलंगडी. भिंतीवर खिळ्याला पांढरा सदरा आणि निळा स्कर्ट, चार बोटं दुमडलेला. शेवटच्या सकाळी क्वेनने जेलीफिशच्या शेवया केल्या, आणि मामंजींनी आंघोळ करून पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे फळं, उकडलेला कोंबडा आणि पाणी मांडलं. सासूबाईंचा फोटोही तिथेच होता. थोरल्या मुलाच्या घरी नात येतेय, हे वरच्यांना सांगायचं होतं. त्यांनी तीन उदबत्त्या पेटवून लामकडे दिल्या.

"मामंजी," लुआ म्हणाली, "मी तिला इथे ठेवणार नाही."

किएनने मान खाली घातली. क्वेन स्वयंपाकघराच्या दारात थांबली, हातात वाडगा तसाच.

म्हातारा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "अगं, तुझी मुलगी कोण हिरावून घेतंय? मी चाळीस वर्षं शाळा चालवली. मुलांच्या मनाविरुद्ध मी कधी काही केलं नाही. तिलाच विचारू." त्यांनी तेपला जवळ बोलावलं, खांद्यावर हात ठेवला. "घाबरायचं नाही हं. आजोबा कोणाला रागावणार नाहीत. खरं सांग, तुझी आई कोण?"

तेपने आधी उदबत्त्यांकडे पाहिलं. मग लुआकडे. थेट, न हलता, आणि तिची नजर चेहऱ्यावरून खाली लुआच्या पोटावर आली आणि तिथे थांबली.

लुआला सगळं समजलं. बोलायला हवं होतं ते आत्ता. एका वाक्याचं काम होतं. ही घाबरलीय, मीच हिला घाबरवलंय, हे उत्तर धरू नका. ते वाक्य तिच्या घशापर्यंत आलं. आणि नेमकं तेव्हा पोटात काहीतरी हललं, पहिल्यांदाच, पाण्यात मासोळी वळावी तसं. औषधशास्त्राच्या पदवीला माहीत होतं की चौथा महिना सरता सरता बाळ असंच हलू लागतं. पण पदवीच्या मागे एक बाई उभी होती, इस्पितळातल्या पांढऱ्या चादरीवर पडलेली. ती म्हणाली, थांब. कोण जाणे.

लुआ थांबली.

तेपने हात वर करून क्वेनकडे बोट दाखवलं. "ही."

"बघ," मामंजी म्हणाले, अगदी मायेने. "मूल खोटं बोलत नाही."

क्वेनच्या हातातला वाडगा कलंडून रस्सा जमिनीवर सांडला. ती खाली बसून पुसू लागली आणि उठायचं नाव घेईना.

विमान दुपारचं होतं. लाम गाडी घेऊन दाराशी आला. मामंजी पुढे बसले, किएनने पिशव्या चढवल्या. प्लास्टिकचं पाकीट आता मामंजींच्या पिशवीत नव्हतं. ओढणी लुआच्याच बॅगेत राहिली होती, ती काढून द्यायचं तिला सुचलं नाही. तेप उंबरठ्यावर क्वेनचा हात धरून उभी होती, नव्या चपला घालून. रडत नव्हती.

लुआ गाडीत बसल्यावर ती हात सोडवून धावत खिडकीशी आली. पायरीवर चढली, मान आत घातली आणि लुआच्या कानाशी तोंड नेलं. तिच्या श्वासाला शेवयांचा वास होता.

"काकू," ती कुजबुजली, "मी नाही म्हटलं. आजोबांनी विचारलं तरी नाही म्हटलं." दोन दातांच्या खिडकीतून हवा सुटत होती. "आता बाळ नीट येईल ना?"

लुआने तिच्या कपाळावरचे घामेजलेले केस मागे सारले.

"येईल," ती म्हणाली. "शहाणी माझी."

तेपचा चेहरा उजळला. बक्षीस मिळाल्यासारखी ती पायरीवरून उडी मारून खाली उतरली आणि परत घराकडे पळाली. लामने आरशात एकदा पाहिलं आणि गाडी सुरू केली.